स्नायूची बाजू

हातापायातली ताकद कमी झाली की पहिला संशय नसेवर जातो. ‘नस दबली असेल’, ‘नसा कमजोर झाल्यात’ हे निदान शेजाऱ्यांकडे आणि केमिस्टच्या काउंटरवर तयारच असतं, आणि मागोमाग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू होतात. बी-ट्वेल्व्हशी माझं भांडण नाही. कमतरता असेल तर ते द्यायलाच हवं. पण या बोलण्यात एक समजूत दडलेली असते. हुकूम मेंदूचा, तो पोचवणार नस, आणि स्नायू बिचारा ताबेदार. नस धड, तर स्नायू धड.

ही समजूत अर्धीच खरी आहे. नस आणि स्नायू जिथे भेटतात ती जागा घडवायची, तिथली यंत्रणा सतत नवी करत राहायची आणि वर नसेच्या टोकालाही जागेवर धरून ठेवायचं, यातला मोठा वाटा स्नायूने स्वतः बनवलेल्या प्रथिनांचा असतो. हे नुसतं पाठ्यपुस्तकी कौतुक म्हणून सांगत नाही. त्यातलं नेमकं कोणतं प्रथिन बिघडलंय यावर औषध ठरतं, आणि एका बिघाडात ज्या गोळीने रुग्ण उठून बसतो तीच गोळी दुसऱ्या बिघाडात त्याला आणखी पाडते.

‘भेटतात’ म्हटलं खरं, पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. नसेतून आलेला विजेचा संदेश ही फट ओलांडू शकत नाही. तो टोकाशी पोचला की तिथल्या वाहिन्यांतून कॅल्शियम आत शिरतं आणि असिटिलकोलीनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रिकाम्या होतात. एका पिशवीत पाच ते दहा हजार रेणू असतात. रसायन असं ठरावीक मापाच्या पुड्यांतूनच बाहेर पडतं, हे पॉल फॅट आणि बर्नार्ड काट्झ यांनी १९५०च्या सुमारास बेडकाच्या स्नायूवर दाखवलं, आणि काट्झना १९७० साली नोबेल मिळालं. माणसात एका संदेशासरशी अशा २० ते ५० पिशव्या फुटतात. बेडकात त्या कितीतरी जास्त फुटतात. माणसाची नस त्या मानाने हात आखडता घेऊन देते.

ही कसर स्नायू भरून काढतो. नसेच्या टोकाखाली त्याच्या पृष्ठभागाला खोल घड्या पडलेल्या असतात. घड्यांच्या माथ्यावर असिटिलकोलीन पकडणारे रिसेप्टर असतात, तर तळाशी सोडियमच्या वाहिन्या. माथ्यावर छोटासा प्रवाह सुरू झाला की तळातल्या वाहिन्या तो उचलून धरतात आणि सबंध तंतू आकसतो. माथ्यावरच्या रिसेप्टरांची दाटी एका चौरस मायक्रॉनला दहा हजारांच्या घरात जाते, आणि तिथून जरा बाजूला सरकलं की हा आकडा एकदम हजारपटीने खाली येतो. विरार लोकलच्या दाराशी श्वास घ्यायला जागा नसते आणि आत सीटांच्या मध्ये मात्र माणूस पसरून उभा असतो, तसला हा प्रकार. फरक इतकाच की इथे दाराशी गर्दी करून उभं राहणं हेच काम आहे.

रिसेप्टर स्वतः पाच तुकड्यांचा असतो. दोन अल्फा, एक बीटा, एक डेल्टा, आणि पाचवा तुकडा वयानुसार. गर्भात तो गॅमा असतो, जन्माच्या आसपास त्याच्या जागी एप्सिलॉन येतो. हे तपशील लक्षात असू द्या, पुढे एप्सिलॉनची गाठ पडणार आहे. हे रिसेप्टर एकदा बसवले की कायमचे राहत नाहीत. उंदरांत पाहिलं तर दहाएक दिवसांत निम्मे रिसेप्टर काढून टाकलेले आणि त्यांच्या जागी नवे बसवलेले असतात. म्हणजे ही जागा आपण रोज वापरतो आणि स्नायू ती रोज दुरुस्त करतो. फटीत उरलेलं असिटिलकोलीन झटपट तोडायला कोलिनएस्टरेज नावाचं विकर असतं, आणि ते फटीतच टिकावं म्हणून त्याला कोलक्यू या प्रथिनाची शेपटी असते. ही शेपटी फटीत पसरलेल्या पायाभूत पडद्यात (बेसल लॅमिना) रुतलेली असते. ती तुटली की विकर जागेवर राहत नाही, रसायन फटीत रेंगाळतं, आणि जास्तीचा संदेशही स्नायूला कमकुवत करतो.

आता कुणी म्हणेल, ही सगळी तयारी नसेच्या सांगण्यावरूनच होत असणार. बरीच वर्षं तसंच मानलं जात होतं. नस अग्रिन नावाचं प्रथिन सोडते आणि त्यामुळे स्नायूवर रिसेप्टर गोळा होतात, हे जॅक मॅकमहान यांच्या प्रयोगशाळेने वीजमाशाच्या अवयवापासून सुरुवात करून १९८०च्या दशकात दाखवलं. वीजमासाच का? कारण त्याचा वीज पाडणारा अवयव मुळात रूपांतरित स्नायूच असतो आणि त्यात अशा जोडण्या खच्चून भरलेल्या असतात. अग्रिनची गोष्ट खोटी ठरलेली नाही. पण ती सुरुवात नव्हती. २००१च्या सुमारास उंदरांच्या गर्भावर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की ज्या पिल्लांत स्नायूकडे जाणारी नसच वाढू दिलेली नाही, त्यांच्याही श्वासपटलात रिसेप्टर मधल्या पट्ट्यात जमलेले असतात. नस यायच्या आधीच स्नायूने जागा नेमून ठेवलेली असते. नस येते ती आखलेल्या पट्ट्यात, आणि अग्रिन आणून त्यातल्या काही जागा पक्क्या करते. उरलेल्या विरून जातात.

ही आखणी करणारं मुख्य प्रथिन मस्क. स्नायूच्या आवरणात आरपार बसलेलं, बाहेर कान, आत काम करणारा हात. १९९६ मध्ये मस्क नसलेले उंदीर तयार केले गेले. जन्मल्यावर त्यांना श्वासच घेता आला नाही आणि ते मेले. पण माझं लक्ष दरवेळी त्यांच्या स्नायूंपेक्षा त्यांच्या नसांकडे जातं. त्या नसांत काहीही बिघडवलेलं नव्हतं, तरी त्या थांबायच्या जागी थांबल्या नाहीत. सबंध स्नायूभर फांद्या फोडत भटकत राहिल्या. स्नायूतलं एक प्रथिन काढलं आणि निरोगी नसेला कुठे थांबायचं ते कळेना.

मस्क एकटं काम करत नाही. अग्रिन थेट मस्कला धरत नाही, हे कोडं बारा वर्षं पुरलं. २००८ मध्ये दोन गटांनी मधला दुवा शोधला, एलआरपी-४, तेही स्नायूचंच. अग्रिन एलआरपी-४ला धरतं, एलआरपी-४ मस्कला जागं करतं, आतल्या बाजूने डॉक-७ मस्कच्या जोडीला आधार देतं, आणि शेवटी रॅप्सिन रिसेप्टरांना खालून एकमेकांशी बांधून ठेवतं. यातलं डॉक-७ २००६ मध्ये जपानमध्ये सापडलं. चौकडीतलं कुठलंही एक काढा, दाटी मोडते. आणि २०१२ मध्ये कळलं, की एलआरपी-४ फक्त ऐकत नाही, उलट बोलतंही. त्याचा बाहेरचा भाग नसेच्या टोकाला सांगतो की इथे थांब, इथे पिशव्या रच.

उलट बोलणारं दुसरं प्रथिन लॅमिनिन, त्यातही बीटा-२ तुकडा असलेलं. स्नायू ते बाहेर सोडतो, ते फटीतल्या पडद्यात बसतं आणि नसेच्या टोकावरच्या कॅल्शियम वाहिन्यांना धरून ठेवतं. नेमक्या त्या वाहिन्यांपाशीच पिशव्या फुटतात. म्हणजे नसेने कुठे तोंड उघडायचं ते स्नायूने ठरवलेलं. या पडद्याच्या स्मरणशक्तीचा एक प्रयोग १९७८ सालचा आहे. बेडकाची नस तोडली, तिच्याखालचे स्नायूतंतूही मारले आणि पुन्हा उगवू दिले नाहीत. उरला तो तंतूंभोवतीचा रिकामा पडदा. नस वाढत वाढत परत आली, ती बरोबर जुन्या जागी, आणि समोर स्नायूच नसताना तिने तिथे पिशव्यांची मांडणीही केली. पुढच्या वर्षी उलटा प्रयोग झाला. स्नायू उगवू दिला, नस येऊ दिली नाही. नव्या तंतूने रिसेप्टर जमवले ते त्याच जागी. इतक्या सोप्या मांडणीचा आणि इतकं स्पष्ट उत्तर देणारा प्रयोग जीवशास्त्रात क्वचित सापडतो.

एवढं सगळं असूनही ही जोडणी निरोगी माणसात कधी फसत नाही, कारण तिथे राखीव साठा असतो. एका संदेशाने स्नायूच्या बाजूला जेवढा विद्युत्-दाब तयार होतो तो गरजेच्या तीन ते पाच पट असतो. नस सलग संदेश पाठवू लागली की दर खेपेला थोड्या कमी पिशव्या फुटतात, हे तुमच्याआमच्यातही होतं. साठा भरपूर म्हणून कळत नाही. रिसेप्टर कमी झाले, घड्या सपाट झाल्या, की साठा आटतो आणि चौथ्या-पाचव्या संदेशापर्यंत काही तंतू उंबरठ्याखाली जातात. म्हणून या जोडणीच्या आजारांची, त्यातल्या मुख्य मायस्थेनिया ग्रेव्हिसची, खूण थकवा नसून वापराने वाढणारा आणि विश्रांतीने उतरणारा कमकुवतपणा आहे. सकाळी डोळे टवटवीत, संध्याकाळी एक पापणी बुबुळावर. पहिली भाकरी नीट चावून होते, दुसरीला जबडा हाताने धरावासा वाटतो. पाणी पिताना नाकातून येतं. अंधेरीला गाडीचा हँडल धरलेला हात दादरपर्यंत आपोआप खाली येतो. बोलता बोलता आवाज नाकात जातो. एकाची दोन दिसतात, आणि एक डोळा झाकला की पुन्हा एकच दिसतं.

यात काय नसतं तेही तितकंच महत्त्वाचं. मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नसतो, आग होत नाही. स्पर्शाची नस वेगळी, तिचा या जोडणीशी संबंधच नाही. ताकद जाते आणि स्पर्श शाबूत राहतो, तेव्हा ‘दबलेली नस’ शोधण्यात महिने घालवू नयेत.

आता मुंबईतली अडचण. मोठ्या रुग्णालयांची ओपीडी सकाळची. माणूस बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून परळला पोचतो, नंबर लागतो तेव्हा रात्रीची विश्रांती झालेली असल्याने पापणी बऱ्यापैकी वर असते, आणि कागदावर काही विशेष नाही असं लिहिलं जातं. उपाय साधा आहे. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, एकाच उजेडात, मान सरळ ठेवून, समोर बघत फोनवर फोटो काढायचा. आठवडाभराचे फोटो घेऊन जायचं. सोबत दोन-चार वर्षांपूर्वीचा लग्नातला एखादा समोरून काढलेला फोटो, म्हणजे पापणी मुळातच खाली होती का ते कळतं. तपासणीत डॉक्टर एक मिनिटभर वर बघायला लावतात, मान न हलवता. पापणी हळूहळू उतरताना दिसली तर संशय बळावतो.

बर्फाची चाचणी याहून स्वस्त. रबरी हातमोज्यात बर्फाचा चुरा भरायचा, पातळ कपड्यात गुंडाळून बंद पापणीवर दोन मिनिटं ठेवायचा, आणि लगेच मोजायचं. पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर चाचणी सकारात्मक धरतात. माप पापणीच्या कडेपासून बाहुलीवर चमकणाऱ्या टॉर्चच्या ठिपक्यापर्यंत घ्यायचं, ‘डोळा जरा मोठा वाटतोय’ असं नाही. थंडीने कोलिनएस्टरेज मंदावतं, रसायन जास्त वेळ टिकतं, रिसेप्टर उघडलेलाही जास्त वेळ राहतो. उलट बाजू मुंबईकरांना सांगायला नको. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हेच रुग्ण जास्त ढेपाळतात.

हेच तापमान आरएनएस चाचणीला मात्र गोत्यात आणतं. या चाचणीत नसेला सेकंदाला दोन-तीन झटके देऊन स्नायूच्या प्रतिसादाची उंची मोजतात, पहिल्याची तुलना चौथ्या-पाचव्याशी करतात, आणि दहा टक्क्यांहून जास्त घट असली तर जोडणीत दोष धरतात. एसीच्या गारठ्यात थंड पडलेल्या हातावर ती केली तर खरा दोष लपतो. कातडीचं तापमान ३२ अंशांवर हवं, नाहीतर आधी हात गरम करून घ्यायचा. पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे कोलिनएस्टरेज रोखणारी नेहमीची गोळी, चालू असेल आणि डॉक्टरांच्या मते सुरक्षित असेल तर बारा तास आधी थांबवायचं. नुसत्या बोटांच्या स्नायूंवर चाचणी करून मोकळं होऊ नये. खांद्याचे आणि चेहऱ्याचे स्नायूही बघावेत, कारण दोष तिथे आधी दिसतो. आणि घामाने इलेक्ट्रोड घसरला तर खोटी घट दिसते. खरी घट ठरावीक पायऱ्यांनी उतरते आणि पुन्हा केली की तशीच येते. वेडीवाकडी आली तर आधी चिकटपट्टी बघावी.

दोष आहे हे ठरलं. पण कशात?

रिसेप्टर मोजायची युक्ती सापानेच दिली. तैवानच्या मण्याराच्या विषातून १९६३ साली चँग आणि ली यांनी एक अंश वेगळा केला, अल्फा-बंगारोटॉक्सिन. तो स्नायूच्या रिसेप्टरला असा घट्ट बसतो की सुटता सुटत नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली की रिसेप्टर मोजता येतात. १९७३ मध्ये फॅमब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णांचे स्नायू असे मोजले, आणि निरोगी माणसाच्या तुलनेत रिसेप्टर ११ ते ३० टक्केच निघाले. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत-ईलचा रिसेप्टर सशांना टोचला. सशांच्या शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या आणि ससे लुळे पडले. आजाराचं मूळ स्नायूच्या बाजूला आहे हे त्या एका वर्षात नक्की झालं. तोवर नसेचं टोक पुरेसं रसायन सोडत नसावं असा अनेकांचा कयास होता.

सापाचा विषय निघालाच आहे तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या आसपास राहणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. नागाच्या विषाचा मारा मुख्यतः स्नायूच्या रिसेप्टरवर असतो, त्यामुळे प्रतिविषासोबत अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिलं की पापण्या वर येताना दिसू शकतात. मण्याराच्या विषात नसेचं टोकच उद्ध्वस्त करणारा अंशही असतो. ते टोक नव्याने वाढेपर्यंत माणसाला कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि प्रतिविष वेळेत नाही दिलं तर झालेलं नुकसान ते उलटवू शकत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो तेव्हा दातांच्या खुणा दिसत नाहीत, सूज नसते. पहाटे पोट दुखतं आणि पापण्या पडतात, एवढंच. तेवढ्यावर रुग्णालय गाठायचं.

मायस्थेनियाकडे परत. अंगभर पसरलेल्या प्रकारात ८० ते ८५ टक्के रुग्णांच्या रक्तात रिसेप्टरविरोधी अँटीबॉडी सापडतात. आजार डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही. उरलेल्यांतल्या काहींत अँटीबॉडी मस्कविरुद्ध असतात. हे २००१ मध्ये कळलं. वरवर दोघांचं दुखणं सारखं, आत मात्र कारभार निराळा. रिसेप्टरविरोधी अँटीबॉडी रक्तातली, पेशी फोडणारी कॉम्प्लिमेंट यंत्रणा चेतवतात आणि घड्याच उडवून लावतात. मस्कविरोधी अँटीबॉडी काही फोडत नाहीत. त्या एलआरपी-४ आणि मस्कच्या मध्ये येऊन बसतात आणि दुरुस्तीचं काम थांबवतात. म्हणून कॉम्प्लिमेंट रोखणारी महागडी औषधं मस्कच्या रुग्णाला देण्यात अर्थ नाही, अँटीबॉडीच्या मुळाशी असलेल्या बी-पेशी कमी करणारं रिट्युक्सिमॅब मात्र त्याला चांगलं लागू पडतं. छातीतली थायमस ग्रंथी काढण्याचा फायदा रिसेप्टरवाल्यांना होतो. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने ते पक्कं केलं. मस्कवाल्यांना तो दिसत नाही. छातीचा सीटी स्कॅन मात्र सगळ्यांचाच करतात, कारण मायस्थेनियाच्या दर दहांतल्या एखाददुसऱ्यात थायमसची गाठ निघते.

पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी अर्ध्यापाऊण तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. चावायला त्रास असेल तर जेवणाआधी तेवढं अंतर ठेवून घ्यावी. जेवताना घेतली तर तिचा उपयोग भांडी घासताना होतो. पोटात कळ, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं हे तिचे नेहमीचे त्रास. मस्कच्या रुग्णाला हेच त्रास कमी मात्रेतही होतात आणि स्नायू फडफडतात, ताकद मात्र वाढत नाही. अशा वेळी गोळी वाढवत नेणं हा रस्ता नव्हे. स्टिरॉइड मोठ्या मात्रेत सुरू केलं तर पहिल्या दोनेक आठवड्यांत आजार आधी वाढू शकतो, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

श्वासाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे आणि त्याच्यावर लोकांचा फार विश्वास. या आजारात फुप्फुसं ठीक असतात, थकतो तो भाता. ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी पडतो. त्याऐवजी खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे म्हणायचे, सेकंदाला दोन या वेगाने. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. वीसच्या खाली आलात, किंवा काल चाळीस होते ते आज पंचवीस झाले, तर ९८ टक्के दाखवणारं यंत्र बाजूला ठेवून निघायचं.

मुलांमध्ये या जोडणीच्या आजारांचे जन्मजात प्रकार असतात, आणि तिथे ‘कुठलं प्रथिन’ हा प्रश्न सगळ्यात धारदार होतो. अँटीबॉडी नसतातच, त्यामुळे स्टिरॉइडचा उपयोग नाही. एप्सिलॉन तुकड्यात दोष असेल तर पापण्या लहानपणापासून पडलेल्या आणि डोळे फिरत नाहीत, पण पायरिडोस्टिग्मिनने बऱ्यापैकी निभावतं. रॅप्सिनचा दोष असेल तर तीच गोळी फारच गुणकारी. फक्त साध्या तापात अचानक श्वास थांबू शकतो, म्हणून अशा घरी तापाला किरकोळ मानायचं नाही. आणि डॉक-७चा दोष असेल तर मूल बहुधा चालायला लागेपर्यंत ठीक असतं, मग डुलत चालतं, जिना चढताना मांडीवर हात टेकतं, डोळे मात्र चांगले फिरतात. त्याला पायरिडोस्टिग्मिन दिलं तर दिवसांत-आठवड्यांत ते आणखी बिघडतं. त्याचं औषध साल्ब्युटामोल, तेच दम्याचं. परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने जातात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये. कोलक्यूच्या दोषातही हेच. विकर मुळातच जागेवर नाही, तिथे विकर रोखणारी गोळी देऊन काय साधणार? रिसेप्टर जास्त वेळ उघडा राहणाऱ्या प्रकारात तर फ्लुओक्सेटीन देतात, जे एरवी नैराश्याचं औषध.

या मुलांवर ‘मसल डिस्ट्रॉफी’चा शिक्का सहज बसतो. रक्तातलं सीपीके (स्नायू झिजले की वाढणारं विकर) नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेलं, ताकद दिवसागणिक कमीजास्त, आईबापांचं आते-मामे भावंडांतलं लग्न, एवढं जुळत असेल तर शिक्का मान्य करण्यापूर्वी आरएनएस आणि जीन पॅनेल करून घ्यावं. यातले बहुतेक दोष दोन्हीकडून एकेक प्रत आली तरच दिसतात आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो. डिस्ट्रॉफीच्या तुलनेत इथे औषध आहे, आणि ते स्वस्त आहे.

केमिस्टकडून परस्पर औषध घ्यायची आपली सवय या रुग्णांना महागात पडते. जुलाबाला हमखास मिळणाऱ्या गोळीत ऑफ्लॉक्सासिन असतं, घशाला अॅझिथ्रोमायसिन, इस्पितळात जेंटामायसिन किंवा अमिकासिन, पावसाळ्यात मलेरियाला क्लोरोक्विन किंवा क्विनीन, धडधडीला प्रोप्रॅनोलॉल, शिरेतून मॅग्नेशियम. हे सगळे आटलेल्या राखीव साठ्यावर आणखी हात मारतात, कुणी नसेच्या बाजूने, कुणी स्नायूच्या. मुंबईत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिव्होफ्लॉक्सासिन आणि अमिकासिन टाळता येत नाहीत असं होतं, तेव्हा ती देखरेखीखाली द्यावी लागतात. सरसकट बंदी नाही, पण देणाऱ्याला आजार माहीत हवा. भूल देणाऱ्यालाही. भुलेत स्नायू सैल करायला वापरतात ते सक्सिनिलकोलीन मायस्थेनियाच्या रुग्णाला नेहमीपेक्षा जास्त लागतं आणि त्याच कामाचं व्हेक्युरोनियमसारखं औषध अगदी थोडं पुरतं, कारण दोन्ही त्याच कमी उरलेल्या रिसेप्टरवर काम करतात.

जिमवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला. मग प्रोटीन पावडरने ही प्रथिनं वाढतात का? नाही. पोटात गेलेलं प्रथिन पचून अमिनो आम्लं होतात, त्यांचं मस्क करायचं की केस, हे पेशी ठरवते. वापराचा परिणाम मात्र खरा आहे. स्नायू बराच काळ निपचित राहिला, नस तुटली, मोठं भाजलं, की रिसेप्टर जोडणीबाहेर सबंध तंतूभर पसरतात, गर्भातला गॅमा तुकडा परत येतो, आणि रिसेप्टरचं आयुर्मान दहा दिवसांवरून एक दिवसाच्या आसपास येतं. अशा माणसाला दोन-तीन दिवसांनंतर सक्सिनिलकोलीन दिलं तर रक्तात पोटॅशियमचा लोंढा येऊन हृदय थांबू शकतं. अतिदक्षता विभागात हे पाठ असावं लागतं. म्हातारपणाचं म्हणाल तर म्हाताऱ्या उंदरांत या जोडण्या तुकड्यातुकड्यांत फुटतात आणि व्यायामाने ते काहीसं आवरतं. पण २०१७ मध्ये कापाव्या लागलेल्या मानवी पायांतल्या जोडण्या तपासल्या, तर त्या म्हातारपणापर्यंत जवळपास तशाच निघाल्या. त्यामुळे उंदराचे आकडे दाखवून साठीच्या माणसाला काही विकायला आलं तर हात जोडावेत.

संशोधन आता मस्कला बाहेरून जागं करण्याकडे वळलंय. डॉक-७चा दोष असलेले उंदीर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. २०२१ मध्ये मस्क चेतवणारी अँटीबॉडी टोचून ते मोठे झाले. एएलएस, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसपेशी मरत जाण्याचा आजार, असलेल्या उंदरांतही मस्क वाढवल्यावर नसा स्नायूवरून सुटायला उशीर लागला. माणसांवर चाचण्या सुरू आहेत.

तोवर एक हिशेब सर्जनकडे रोजचा असतो. बाइकच्या अपघातात मानेजवळून नसांचं जाळं ओढलं जातं आणि सबंध हात लोंबतो. शिवलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. स्नायूच्या बाजूची जागा वर्ष-दीड वर्ष तग धरते, मग घड्या आणि तंतू दोन्ही सुकतात. मानेपासून पंजापर्यंत सत्तरेक सेंटिमीटर, म्हणजे सातशे दिवस. नस पोचेल, पण जोडायला कुणी उरलेलं नसेल. म्हणून ‘वर्षभर मालिश करून बघू’ हा सल्ला घातक, आणि शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते. १९९४ मध्ये ओबर्लिन यांनी मांडलेल्या पद्धतीत तर मानेपासून सुरुवातच करत नाहीत. मनगटाकडे चाललेल्या शाबूत अल्नर नसेतली एक जुडी दंडातच काढून घेतात आणि बायसेप्सच्या नसेला स्नायूच्या अगदी तोंडाशी जोडतात. वाढायचं अंतर काही सेंटिमीटरांवर येतं, आणि कोपर काही महिन्यांत वाकू लागतं.